वाचकांचे प्रश्न : पर्सनल ट्रेनरच्या प्रमाणपत्र परीक्षेचा अभ्यास

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे पर्सनल ट्रेनरच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षांविषयी आहेत. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज, म्हणजे एसीई, किंवा नॅशनल अकॅडमी ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन, म्हणजे एनएएसएम, यांपैकी एका अमेरिकी संस्थेच्या परीक्षेची तयारी करत आहेत. एसीईच्या परीक्षेत तीन तासांत १५० बहुपर्यायी प्रश्न सोडवावे लागतात, तर एनएएसएमच्या परीक्षेत दोन तासांत १२०. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत. वाचकांच्या विनंतीवरून नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझे शिक्षण पदवीपर्यंत मराठी माध्यमातून झाले. लहानपणापासून तालमीत जात असल्याने व्यायामाची आवड आहे आणि सध्या एका जिममध्ये फ्लोअर ट्रेनर म्हणून काम करतो. एसीईचे पुस्तक दोनदा वाचून काढले, महत्त्वाच्या ओळींवर खुणा केल्या, तरी सराव परीक्षेत जवळजवळ निम्मी उत्तरे चुकतात. वाचताना तर सगळे समजलेले असते. मग गाडी कुठे अडते? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : तुमच्या प्रश्नातच त्याचे उत्तर दडलेले आहे. पुस्तक समोर उघडे असताना समजणे आणि ते मिटल्यावर आठवणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. परीक्षा दुसऱ्या गोष्टीची असते आणि तुम्ही सराव पहिल्या गोष्टीचा केला आहे. अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात फार बोलका आहे. त्यांनी एका गटाला एक उतारा चार वेळा वाचायला दिला. दुसऱ्या गटाने तोच उतारा एकदाच वाचला आणि उरलेल्या तीन वेळा तो न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ८३ टक्के आणि आठवणाऱ्यांना ७१ टक्के मजकूर सांगता आला. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र चित्र पालटले : वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले आणि आठवणारे ६१ टक्क्यांवर राहिले. म्हणजे पुन्हा पुन्हा वाचल्याने त्या दिवशी आत्मविश्वास वाढतो खरा, पण तो आठवडाभरही टिकत नाही. २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धती तपासल्या. त्यांतही स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणे या दोनच पद्धतींना त्यांनी सर्वाधिक उपयुक्त ठरवले. ओळींवर खुणा करणे आणि पुनर्वाचन यांची गणना कमी उपयोगाच्या पद्धतींमध्ये झाली.

तेव्हा पुस्तक तिसऱ्यांदा वाचायला घेऊ नका. प्रकरणाचा एक भाग, फार तर सहा-सात पाने, वाचून झाला की पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते सर्व लिहावे. सुरुवातीला चार ओळींनंतर हात थांबेल आणि आपल्याला काहीच येत नाही असे वाटेल. पण नेमक्या त्या अस्वस्थ करणाऱ्या दहा मिनिटांतच खरा अभ्यास होत असतो, म्हणून लगेच पुस्तक उघडण्याचा मोह आवरावा. त्यानंतर पुस्तक उघडून राहिलेले मुद्दे लाल शाईने भरावेत. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद घेतला की परवाचे लाल मुद्दे आज निळ्या शाईत किती उतरतात, हे तुमचे तुम्हालाच दिसेल.

याला जोडून दुसरी गोष्ट. या परीक्षांमध्ये निव्वळ व्याख्या विचारणारे प्रश्न कमी असतात आणि समोर एखादा क्लायंट उभा करून ‘आता ट्रेनरने काय करावे’ असे विचारणारे प्रश्न जास्त असतात. उदाहरणार्थ, वर्तनबदलाच्या अवस्था तुम्ही पाठ केल्या असतील : विचारपूर्व, विचार, तयारी, कृती आणि सातत्य. आता हा प्रश्न पाहा. पंचेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ गेले चार महिने आठवड्यातून पाच दिवस नियमितपणे चालत आहेत आणि अजून खंड पडलेला नाही, पण पुढच्या महिन्यात घरी लग्नकार्य असल्याने आपला नेम मोडेल अशी त्यांना धास्ती वाटते. ते कोणत्या अवस्थेत आहेत आणि ट्रेनरने आधी काय करावे? ‘नियमितपणे’ हा शब्द वाचून बरेच जण ‘सातत्य’ असे उत्तर देतात. परंतु सहा महिने पूर्ण होईपर्यंत माणूस ‘कृती’च्याच अवस्थेत गणला जातो, आणि या टप्प्यावर ट्रेनरचे काम म्हणजे नवा, अधिक कठीण कार्यक्रम देणे नव्हे; खंड पडण्याचा प्रसंग आधीच ओळखून त्याच्यासाठी त्यांच्याबरोबर बसून पर्यायी बेत ठरवणे हे आहे. पाच नावे तोंडपाठ असूनही सहा महिन्यांची सीमा लक्षात नसेल तर हा गुण गेलाच म्हणून समजा.

म्हणून प्रत्येक सरावप्रश्नानंतर बरोबर उत्तर पाहून पुढे जाऊ नका. उरलेले तीन पर्याय का चुकीचे आहेत ते एकेका वाक्यात लिहा. शिवाय चुकांची एक वेगळी वही ठेवा आणि प्रत्येक चुकीपुढे तिचे कारण नोंदवा : माहितीच नव्हती, दोन गोष्टींची गल्लत झाली, की प्रश्न नीट वाचला नाही. इंग्रजीत शिक्षण न झालेल्यांच्या वहीत तिसऱ्या प्रकारच्या चुका अपेक्षेपेक्षा पुष्कळ निघतात, असे आमचे निरीक्षण आहे. ‘फर्स्ट’, ‘मोस्ट अप्रोप्रिएट’, ‘लीस्ट’, ‘एक्सेप्ट’ अशा शब्दांवर अख्खा प्रश्न फिरतो. चारही पर्याय योग्य असून त्यांपैकी ‘सर्वांत आधी’ करायची कृती निवडायची असते, हे घाईत निसटून जाते.

प्रश्न : स्नायूंची इंग्रजी नावे, त्यांची टोके, हालचालींची प्रतले (प्लेन) हे सगळे डोक्यात गोंधळ करते. मराठी प्रतिशब्द पाठ करून मग इंग्रजीकडे जावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नको, त्यामुळे दुप्पट पाठांतर होईल. परीक्षा इंग्रजीत आहे, तेव्हा नाव इंग्रजीच ठेवावे आणि त्याचा अर्थ स्वतःच्या शरीरावर शोधावा. तुमच्याजवळ जिम आहे, आणि वैद्यकशाखेचा विद्यार्थी जे चित्रांत किंवा शवविच्छेदनात पाहतो ते तुम्ही प्रत्यक्ष चालवून पाहू शकता.

लॅट पुलडाउनच्या यंत्रावर बसा. बार खाली ओढताना वरचे दंड शरीराच्या बाजूकडे येतात. हे खांद्याचे ॲडक्शन, आणि रुंद पकडीने ते मुख्यतः फ्रंटल, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूच्या हालचालीच्या, प्रतलात होते. लॅटिसिमस डॉर्साय हा पाठीचा रुंद स्नायू आखडतो आहे, म्हणून हे कॉन्सेंट्रिक आकुंचन. त्याच वेळी कोपर दुमडत असल्याने बायसेप्सही आखडतो आहे. आता बार हळूहळू वर सोडा आणि थांबून स्वतःला विचारा, या क्षणी काम कोण करते आहे? हात सरळ होत आहेत, म्हणून दंडामागचा ट्रायसेप्स, असे उत्तर चटकन येते आणि ते चूक आहे. हात वर ओढण्याचे काम तर यंत्रातील वजनच करते. त्याचा वेग आवरण्याचे काम लॅटिसिमस आणि बायसेप्सच लांब होत होत करतात, आणि यालाच एक्सेंट्रिक आकुंचन म्हणतात. स्क्वॉटमध्ये खाली बसताना गुडघा दुमडतो, तरी काम मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचे नसून प्रामुख्याने मांडीच्या पुढच्या क्वाड्रिसेप्सचे असते, तेही याच कारणाने. गुरुत्वाकर्षण किंवा यंत्राचे वजन कोणत्या दिशेला खेचते आहे हे आधी ठरवले की या जातीचे प्रश्न सहसा चुकत नाहीत.

प्रतलांचेही तसेच. बायसेप कर्ल सॅजिटल (पुढे-मागे), साइड लॅटरल रेझ फ्रंटल, धड वळवण्याचे व्यायाम ट्रान्सव्हर्स (आडवे), इथपर्यंत सर्वांना येते. बेंच प्रेस कोणत्या प्रतलात, असे विचारले की मात्र अनेक जण समोर ढकलण्याची क्रिया म्हणून सॅजिटल सांगतात. तेथे खांद्याचे हॉरिझॉन्टल ॲडक्शन होते, म्हणजे दंड आडव्या पातळीत छातीसमोर येतात, म्हणून उत्तर ट्रान्सव्हर्स. ट्रेनर म्हणून रोज शेकडो रेप्स (व्यायामाच्या आवृत्त्या) तुमच्या नजरेखालून जातात. दिवसाकाठी तीन व्यायाम निवडून त्यांतला सांधा, हालचाल, प्रतल आणि दोन्ही टप्प्यांतले स्नायू मनातल्या मनात सांगितले, तर महिनाभरात या प्रकरणाची भीती उरणार नाही.

ऊर्जाप्रणालींसाठीही ओळखीचे उदाहरण घ्यावे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १०० मीटर आणि १६०० मीटर धावावे लागते. पहिल्या धावेला प्रामुख्याने फॉस्फेजन प्रणाली, म्हणजे स्नायूंत साठलेली तत्काळ ऊर्जा, पुरते. दुसरी पाच-सहा मिनिटे चालते आणि धाप लागून पाय भरून येतात, त्यामुळे ती ग्लायकोलिटिक (ऑक्सिजनविना साखरेवर चालणारी) असावी असे वाटते. प्रत्यक्षात एवढ्या वेळाच्या धावेत ऊर्जेचा मोठा वाटा ऑक्सिडेटिव्ह, म्हणजे ऑक्सिजन वापरणाऱ्या, प्रणालीचा असतो. परीक्षेत आकडा सेकंदांत किंवा मिनिटांत दिलेला असतो. धापेवरून अंदाज न बांधता त्या वेळेवरून उत्तर ठरवावे.

प्रश्न : मी ४१ वर्षांची गृहिणी आहे. मुले मोठी झाल्यावर या क्षेत्रात उतरण्याचे ठरवले आहे, पण शाळेपासून गणिताची धास्ती आहे. सूत्रे किती आणि कशी पाठ करावीत? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : लागणारे गणित सातवीच्या पलीकडचे नाही, आणि सूत्रेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. ती कोरडी पाठ करण्याऐवजी स्वतःचे आकडे घालून सोडवावीत.

समजा, सकाळी उठल्याबरोबर तुमची नाडी मिनिटाला ६८ आहे. व्यायामात हृदयगती किती असावी हे सांगणाऱ्या कार्व्होनेन पद्धतीने ६० टक्के तीव्रतेचे लक्ष्य काढू. २२० मधून वय ४१ वजा केले की १७९ ही अंदाजे कमाल हृदयगती मिळते. त्यातून विश्रांतीची गती ६८ वजा केली की १११ उरतात; त्यांचे ६० टक्के म्हणजे सुमारे ६७; आणि त्यात ६८ पुन्हा मिळवले की १३५. आता परीक्षेतील पर्याय कसे रचलेले असतात ते पाहण्यासारखे आहे. एक पर्याय ६७ असेल, म्हणजे शेवटी विश्रांतीची गती मिळवायला विसरणाऱ्यांसाठी लावलेला सापळा. दुसरा १०७ असेल, म्हणजे कमाल गतीचे सरळ ६० टक्के काढणाऱ्यांसाठी. तुम्ही काढलेले चुकीचे उत्तर पर्यायांत सापडले, एवढ्यावरून ते बरोबर ठरत नाही. दहा-बारा वेगवेगळ्या वयांसाठी हे गणित हाताने केले की पायऱ्यांचा क्रम बोटांत बसतो. कमाल हृदयगतीसाठी तनाका यांचे २०८ उणे ०.७ गुणिले वय हे दुसरे सूत्रही पुस्तकांत असते. चाळिशीला दोन्ही सूत्रे एकच उत्तर देतात, १८०. साठीला मात्र पहिले १६० सांगते आणि दुसरे १६६. प्रश्नात कोणते सूत्र वापरायला सांगितले आहे हे त्यासाठी पाहावे लागते.

बीएमआय, म्हणजे किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग, काढताना सेंटिमीटरचे मीटर करायला विसरू नका. वजन ७२ किलो आणि उंची १६० सेंटिमीटर असल्यास ७२ भागिले २.५६, म्हणजे २८.१. येथे भारतीय विद्यार्थ्यांनी एक काळजी घ्यावी. आपल्याकडचे डॉक्टर २५ च्या वरच्या बीएमआयला लठ्ठपणा म्हणतात, कारण भारतीयांसाठी ती मर्यादा खाली आणलेली आहे. अमेरिकी परीक्षेत २५ ते २९.९ हे ‘ओव्हरवेट’ आणि ३० पासून पुढे ‘ओबीस’. क्लायंटशी बोलताना भारतीय मर्यादा डोळ्यांसमोर ठेवावी आणि उत्तरपत्रिकेत पुस्तकाची.

आहाराच्या गणिताला कर्बोदके व प्रथिने यांचे ग्रॅमला ४ आणि स्निग्ध पदार्थांचे ९ कॅलरी एवढे पुरते. एका पदार्थात ४० ग्रॅम कर्बोदके, १० ग्रॅम प्रथिने आणि १२ ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतील तर १६०, ४० आणि १०८ मिळून ३०८ कॅलरी होतात, त्यांतील सुमारे ३५ टक्के स्निग्ध पदार्थांपासून. घरातल्या बिस्किटांच्या आणि फरसाणाच्या पाकिटांवरचे तक्ते घेऊन हा सराव करता येतो, आणि त्यातून परीक्षेपलीकडचीही बरीच माहिती हाती लागते.

प्रश्न : मी बी.पी.एड. केले असून आठ वर्षांपासून प्रशिक्षण देत आहे. सराव परीक्षेतली काही ‘बरोबर’ उत्तरे माझ्या अनुभवाच्या अगदी विरुद्ध आहेत. अशा वेळी कोणाचे ऐकावे? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : परीक्षेच्या खोलीत पुस्तकाचे. हे उत्तर अनुभवी माणसाला बोचते याची कल्पना आहे, आणि जुने ट्रेनर या परीक्षांत अडखळतात त्याचे एक कारणही हेच असावे. परंतु तुमची तक्रार दोन वेगळ्या गोष्टींविषयी असू शकते, त्या आधी वेगळ्या करू या.

पहिली गोष्ट कार्यकक्षेची. क्लायंट म्हणतो, ‘सर, गुडघा आठवडाभर दुखतोय, काय झालं असेल?’ आपल्याकडच्या जिममध्ये याचे उत्तर तिथल्या तिथे दिले जाते, लेप किंवा पट्टी सुचवली जाते आणि चार व्यायामही दिले जातात. परीक्षेच्या लेखी ट्रेनरने निदान करायचे नसते. दुखणाऱ्या भागावर ताण देणारा व्यायाम थांबवून क्लायंटला डॉक्टरांकडे पाठवायचे असते. एखाद्या मधुमेही क्लायंटने आहाराचा तक्ता मागितला तर सर्वसाधारण मार्गदर्शक तत्त्वे सांगावीत आणि नेमका तक्ता आहारतज्ज्ञांवर सोपवावा. ठरावीक पावडर किंवा गोळी सुचवण्याचा पर्याय तर डोळे मिटून गाळून टाकावा. या भागातील प्रश्न भरपूर असतात आणि तत्त्व एकच असल्याने ते हक्काचे गुण आहेत. तरीही ‘मी इतकी वर्षे हेच करत आलो’ या एका विचारापायी ते जातात. आमच्या मते येथे पुस्तकच बरोबर आहे, आणि ते परीक्षेनंतरही पाळावे.

दुसरी गोष्ट कार्यक्रमाच्या आखणीची, आणि तिथे मतभेदाला जागा आहे. प्रत्येक संस्थेची स्वतःची चौकट असते. एनएएसएमचे ओपीटी मॉडेल, म्हणजे व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवण्याचा आराखडा, पाच टप्प्यांचे आहे. त्याच्या पहिल्या टप्प्यात हलक्या वजनाने, संथ लयीत १२ ते २० रेप्स आणि तोल सांभाळण्यावर भर, तर चौथ्या टप्प्यात कमाल क्षमतेच्या ८५ ते १०० टक्के वजनाने १ ते ५ रेप्स. नव्या, धडधाकट मुलाला तुम्ही पहिल्याच आठवड्यात पाच-पाच रेप्सच्या सेटवर घेत असाल आणि त्याला त्याचा फायदाही होत असेल. पण प्रश्न ओपीटीनुसार काय करावे असा आहे. एसीईची आयएफटी ही चौकट निराळी आहे, त्यामुळे एका संस्थेच्या पुस्तकावर दुसरीचे व्हिडिओ पाहून तयारी करण्याने गोंधळ वाढतो.

तुमचा अनुभव वाया जाणार नाही, फक्त तो पुस्तकाच्या चौकटीत बसवून घ्यावा लागेल. ओव्हरहेड स्क्वॉट (हात डोक्यावर धरून बैठक) करताना क्लायंटचे गुडघे आत वळतात हे तुम्ही लांबूनच टिपता आणि ‘गुडघे बाहेर’ असा आवाज देता. एनएएसएमच्या परीक्षेत त्या एका निरीक्षणामागची यादी विचारतील : मांडीच्या आतल्या बाजूचे ॲडक्टर आणि कंबरेच्या बाहेरच्या बाजूचा टेन्सर फॅशिया लाटी हे अतिसक्रिय, नितंबातील ग्लुटियस मीडियस आणि मॅक्सिमस हे मंद, म्हणून आधी अतिसक्रिय स्नायू शिथिल करून ताणायचे, मग मंद स्नायू जागे करायचे आणि शेवटी सर्वांचा मेळ घालणारी हालचाल द्यायची. पुढचे काही आठवडे जिममध्ये असा प्रत्येक दोष दिसला की मनात स्नायूंच्या दोन्ही गटांची नावे आणि उपायांचा क्रम म्हणून पाहा. नवख्या मुलाला हे कोष्टक केवळ कागदावरून पाठ करावे लागते. तुम्हाला प्रत्येक ओळीला एखादा ओळखीचा चेहरा जोडता येईल.

प्रश्न : सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते दहा अशी माझी ड्युटी असते. परीक्षेला तीन महिने आहेत. अभ्यासाचे वेळापत्रक कसे आखावे? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : रात्री दहानंतर अभ्यास करण्याचा हट्ट धरू नका, पहाटे पाचला उठणाऱ्या माणसाच्या त्या अभ्यासातून फारसे काही उरत नाही. जेवण आणि थोडी डुलकी झाल्यावर दुपारी दोन ते चार हा तुमचा खरा वेळ. रविवारी सलग सहा तास बसण्यापेक्षा रोजचा हा दीड-दोन तासांचा अभ्यास अधिक टिकतो.

पहिले सात-आठ आठवडे पुस्तक संपवण्यासाठी आणि शेवटचा महिना सराव परीक्षांसाठी, अशी ढोबळ विभागणी करा. मात्र ‘आधी सगळे वाचून घेतो, उजळणी मागाहून’ असे ठरवाल तर दहावे प्रकरण येईपर्यंत पहिल्याची पाटी कोरी झालेली असेल. त्यावर सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये मांडलेली खोक्यांची पद्धत उत्तम आहे. पत्त्यांच्या आकाराच्या कार्डांवर एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर लिहावे आणि तीन खोकी घ्यावीत. पहिल्या खोक्यातील कार्डे रोज, दुसऱ्यातील दर तीन दिवसांनी, तिसऱ्यातील आठवड्याने पाहावीत. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या खोक्यात जाते. चुकले तर कुठलेही असो, पुन्हा पहिल्यात. त्यामुळे जे येते त्यावर वेळ जात नाही आणि जे येत नाही ते रोज समोर उभे राहते. मोबाइलवर याच तत्त्वाची ॲप आहेत आणि ती दोन बॅचमधल्या दहा मिनिटांत सोयीची पडतात, पण कार्डे दुसऱ्याची उतरवून न घेता स्वतः बनवावीत. ‘बीपी’ एवढेच लिहिलेले कार्ड कुचकामी आणि ‘१३४/८२ हा रक्तदाब २०१७ च्या अमेरिकी वर्गीकरणात कुठे बसतो?’ हे कार्ड उपयोगाचे. (उत्तर : उच्च रक्तदाबाचा पहिला टप्पा.)

शेवटच्या महिन्यात प्रश्न प्रकरणवार न सोडवता मिसळून सोडवावेत. एकाच प्रकरणाचे वीस प्रश्न ओळीने सोडवताना कोणते सूत्र लावायचे हे आधीच ठाऊक असते. परीक्षेत ते ओळखणे हेच निम्मे काम असते. आठवड्यातून एक पूर्ण सराव परीक्षा घड्याळ लावून, मध्ये न उठता द्यावी, आणि तिच्या दुप्पट वेळ चुकांच्या वहीला द्यावा.

प्रश्न : एका क्लासने ‘परीक्षेत येणारे प्रश्न’ असलेली फाईल विकत घ्यायला सांगितली आहे. घ्यावी का? तसेच परीक्षेच्या दिवसासाठी काही सूचना द्याव्यात. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : फाईल घेऊ नये. प्रश्न खरे असतील तर तो चोरीचा माल आहे आणि उघडकीस आल्यास निकाल रद्द होण्याचा धोका तुमच्या माथी येतो. खोटे असतील तर पैसे गेले आणि चुकीची उत्तरेही पाठ झाली. संस्थेच्या स्वतःच्या सराव परीक्षा आणि परीक्षेतील विषयांचा तिने जाहीर केलेला आराखडा एवढे पुरेसे आहे. आराखड्यात कोणत्या विभागाला किती टक्के वजन आहे ते दिलेले असते. तुमच्या चुकांची वही त्याच्या शेजारी ठेवून उरलेला वेळ कुठे घालायचा ते ठरवा.

सीपीआर (हृदय बंद पडल्यास छातीवर दाब व श्वास देणे) आणि एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) यांचे प्रमाणपत्र दोन्ही संस्था मागतात. ते शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका आणि पुतळ्यावर प्रत्यक्ष सराव करून घेणाऱ्या केंद्रातूनच घ्या. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, ३० दाबांनंतर दोन श्वास, हे आकडे तिथे हातांना कळतात. नोंदणीतील नाव आणि ओळखपत्रावरील नाव तंतोतंत जुळते का तेही आताच पाहून घ्या. मधले नाव एकात असणे आणि दुसऱ्यात नसणे ही आपल्याकडे नेहमीची अडचण आहे.

वेळेचा हिशेब सोपा आहे. एसीईमध्ये प्रत्येक प्रश्नाला १ मिनिट १२ सेकंद मिळतात, एनएएसएममध्ये बरोबर एक मिनिट. पन्नास प्रश्नांना एसीईमध्ये तासाभराहून आणि एनएएसएममध्ये पन्नास मिनिटांहून अधिक वेळ लागू नये. इंग्रजी वाचनाची गती कमी असलेल्यांनी हे सराव परीक्षेतच तपासावे. एसीईच्या १५० पैकी २५ आणि एनएएसएमच्या १२० पैकी २० प्रश्न गुणांसाठी धरले जात नाहीत, ते पुढील परीक्षांसाठी चाचपणी म्हणून घातलेले असतात; पण ते कोणते हे कळत नाही, म्हणून पुस्तकात कधीच न पाहिलेला प्रश्न आला तर हबकून न जाता योग्य वाटेल तो पर्याय निवडून पुढे जावे. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा ठेवू नये. एसीईची उत्तीर्णतेची रेषा ८०० पैकी ५०० अशी असते. हे प्रमाणित गुण आहेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यानुसार जुळवून घेतलेले; त्यांचा अर्थ ‘६२.५ टक्के उत्तरे बरोबर’ असा लावू नये. सराव परीक्षांत सलग तीनदा ८० टक्क्यांच्या आसपास उत्तरे बरोबर येऊ लागली की तारीख नक्की करायला हरकत नाही.